पाठ फिरवून बसलेला काका

ताई, नमस्कार.

मी सांगलीचा. वय ५३. माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आम्हां नवरा-बायकोला मूलबाळ नाही. थोरला भाऊ पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याचा मुलगा नववीत घसरला, घरात रोज वाद व्हायला लागले, तेव्हा भावानंच ‘तुझ्याकडे ठेव जरा’ म्हणून त्याला आमच्याकडे पाठवलं. तीन वर्षं होता. पहिले सहा महिने ताट ढकलून उठायचा. मग हळूहळू वर्कशॉपमध्ये येऊन बसायला लागला. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर कसा धरायचा इथपासून शिकला. रात्री जेवणं झाली की त्याच्या लॅपटॉपवर आम्ही ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ बघायचो. कार्टून म्हणून मी आधी हसलो होतो, नंतर दोघांनी अख्खी मालिका दोनदा पाहिली. ‘काका, तुम्ही म्हणजे आपले आयरो,’ असं म्हणायचा. आयरो म्हणजे त्या मालिकेतला काका.

आता तो १७ वर्षांचा आहे. जेईईचा क्लास नको, मेकॅनिकल डिप्लोमा करायचा, असं त्याच्या मनात आलं. मे महिन्यात घरच्या कार्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर, भावानं विचारलं, ‘हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं?’ तो म्हणाला, ‘काकांनी.’ मी तसं कधीच म्हणालो नव्हतो. त्याच संध्याकाळी तो वडिलांच्या गाडीत बसून गेला. वळूनही पाहिलं नाही. पाच महिने झाले. त्याचा फोन नाही, मीही केला नाही. भाऊ पूर्वीही त्याला चारचौघांत टाकून बोलायचा, पण मोठा भाऊ आहे म्हणून मी मध्ये पडायचो नाही.

आता मी ठरवलंय, आयरोसारखं पाठ फिरवून गप्प बसायचं. कळेल तेव्हा येईल. बायको म्हणते, तुम्ही रुसलाय. माझं काय चुकलं? वाट बघू की जाऊ? त्याचा व्हर्नियर अजून खणात आहे.

– एक काका

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी ती मालिका पुन्हा काढून बसले. दुसऱ्या पर्वाचा शेवट पाहिला, मग तिसऱ्या पर्वातले तुरुंगाचे प्रसंग पाहिले. तुम्ही ज्याच्यासारखं वागायचं ठरवलंय तो माणूस खरोखर तसा वागतो का, हे मला नीट बघायचं होतं. तो तसा वागत नाही, भाऊ. सगळं उत्तर त्यातच आहे, पण तिथपर्यंत जरा सावकाश जाऊ.

ज्या वाचकांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका २००५ ते २००८ या काळात निकेलोडियनवर आली. तीन पर्वं, ६१ भाग. जग सगळं कल्पनेतलं. त्यात काही माणसांना पाणी, माती, आग किंवा वारा वळवता येतो, आणि आगीच्या देशानं, फायर नेशननं, शंभर वर्षं बाकीच्यांवर युद्ध लादलंय. कथेचा नायक आंग नावाचा १२ वर्षांचा मुलगा आहे. हे चारही वळवू शकणारा ‘अवतार’ तोच. पण माझ्यासारख्या कित्येकांचा जीव गुंततो तो झुकोमध्ये. झुको हा फायर नेशनचा राजपुत्र. बापानं त्याचा चेहरा जाळून त्याला हद्दपार केलंय. आयरो त्याचा काका, एके काळचा मोठा सेनापती. पुतण्याबरोबर तो आपणहून त्या वनवासात निघतो. चहा करतो, पाय शो नावाचा सोंगट्यांचा खेळ खेळतो आणि चिडक्या पोराची बोलणी खातो.

आपल्या भाषेत काका-पुतण्या म्हटलं की आधी शनिवारवाडा आठवतो. ३० ऑगस्ट १७७३ ला ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावलेला नारायणराव अवघा १८ वर्षांचा होता, तुमच्या पुतण्यापेक्षा जेमतेम वर्षानं मोठा. ती हाक आपल्या कानांत इतकी बसली आहे की काका म्हणजे दगा देणारा, हे आपण लहानपणीच शिकतो. या मालिकेत ते उलटं आहे. इथे हाक काका मारतो आणि पाठ पुतण्या फिरवतो. आणि ती फिरवतो कधी, तर सगळं सुरळीत होत आलेलं असताना. तुम्हांला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच, असं मला वाटतं. पोरगा ताट ढकलून उठायचा तेव्हा तो निघून गेला असता तर तुम्ही एवढे मोडला नसता. तो व्हर्नियर वाचायला शिकला, तुमच्या शेजारी बसून हसायला लागला, आणि मग गेला.

झुकोचंही अगदी असंच होतं. निर्वासित म्हणून दोघं बा सिंग से या शहरात येतात, चहाच्या दुकानात काम करतात. एका रात्री एका तळ्याखालच्या कोठडीत आयरोचा संयम सुटतो आणि तो पुतण्याला ओरडून विचारतो की तू कोण आहेस, तुला स्वतःला काय हवंय. अख्ख्या मालिकेत तो त्याच्यावर इतका क्वचित चिडतो की ते ओरडणं काळजात जातं. त्यानंतर झुकोला ताप भरतो. तापातून उठलेला मुलगा वेगळाच असतो. हसतो, स्वतःच्या मालकीचं नवं दुकान काढायला काकाला मदत करतो. बघणाऱ्याला वाटतं, सुटलो. आणि पुढच्याच भागात, जमिनीखालच्या स्फटिकांच्या गुहेत, बहीण अझूला त्याला वडिलांच्या प्रेमाचं आमिष दाखवते. काका स्फटिकात जखडलेला आहे, गयावया करून सांगतोय. झुको दोघांकडे बघतो आणि बहिणीच्या बाजूनं उभा राहतो. काकाला कैद होते.

‘तो असा का वागला,’ हा प्रश्न तुम्ही लिहिला नसला तरी तुमच्या पत्रात आहे. माझं उत्तर या गुहेत आहे. त्या क्षणी झुकोपुढे दोन प्रेमं होती. काकाचं प्रेम त्याला खात्रीचं होतं. तीन वर्षं त्यानं ते तुडवून पाहिलेलं होतं, तरी ते गेलं नव्हतं. बापाचं प्रेम मात्र कधी मिळालंच नव्हतं, ते पहिल्यांदाच हाताशी आल्यासारखं वाटलं. मुलं अशा वेळी खात्रीचं प्रेम खर्चून टाकतात. घरात आपण नाही का, पाहुण्यांसमोर गोड आणि आईवर डाफरतो? आई कुठे जाणार आहे, हे आतून माहीत असतं म्हणूनच.

तुमच्या घरच्या कार्यातला तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पन्नास माणसं, पंगतीची गडबड, आणि १७ वर्षांच्या पोराला बाप सगळ्यांदेखत विचारतोय की हे खूळ कुणाचं. ‘माझं’ म्हणावं तर तिथल्या तिथे तमाशा. मग कुणाचं तरी नाव घेणं भाग होतं. त्यानं त्या मांडवात एकच माणूस असा हेरला जो आपल्याला उलटून बोलणार नाही, मारणार नाही आणि टाकणारही नाही. ते खोटं होतं, अन्याय होता, तुम्हांला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली. यातलं काहीच मी हलकं करत नाही. पण त्यानं तुमचं नाव घेतलं त्यात तुमच्यावरचा विश्वास होता, हे मी छातीठोकपणे सांगते.

आणि त्यानंतर वळून न बघणं? गुन्हा केल्यावर ज्याचा केला त्याच्या डोळ्यांत बघायला फार धैर्य लागतं. शहर जिंकल्यावर झुको बहिणीला म्हणतो की मी काकाशी दगा केला. ती म्हणते, छे, दगा त्यानंच तुझ्याशी केला. आपलं मन राखण्यासाठी माणसं असं काहीही स्वतःला पटवून घेतात. तुमच्या पुतण्याच्या कानांवरही पाच महिने हेच पडत असणार, की काकानंच तुला बिघडवलं. दुसरा आवाज त्याच्यापर्यंत पोचलेला नाही, कारण तो आवाज तुमचा होता आणि तुम्ही फोन केलेला नाही.

आता ‘माझं काय चुकलं’ याकडे येते. हे लिहिताना हात जड होतोय, पण तुम्ही विचारलंय आणि उत्तर तुमच्याच पत्रात एका वाक्यात आहे. तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. भाऊ त्याला टाकून बोलायचा तेव्हा मी मध्ये पडायचो नाही, असं.

पहिल्या पर्वात वादळाचा एक भाग आहे, तुम्हांला आठवत असेल. जहाजावरचे खलाशी झुकोच्या उर्मटपणाला कंटाळलेत, तेव्हा आयरो त्यांना त्या व्रणाची गोष्ट सांगतो. झुको १३ वर्षांचा होता. युद्धाच्या मसलतीच्या दालनात जायचा हट्ट धरून बसला होता. पहारेकरी सोडेना. आयरोनंच त्याला आत नेलं, फक्त गप्प बस एवढं बजावून. तिथे एक सेनापती नवख्या शिपायांची एक तुकडी मुद्दाम मरायला पुढे घालायचं म्हणत होता. पोराला राहवलं नाही, तो बोलला. शिक्षा म्हणून त्याला आगीचं द्वंद्व लढायला उभं केलं. समोर तो म्हातारा सेनापती असेल असं वाटून तो वळला, तर समोर बाप. तो लढला नाही, गुडघ्यांवर बसून क्षमा मागत राहिला. बापानं त्याला जाळलं. आणि आयरो खलाशांना सांगतो की मी नजर दुसरीकडे वळवली.

माझ्या मते हेच या सगळ्या मालिकेतलं सगळ्यात जड वाक्य आहे. काका तिथे हजर होता. सगळ्यांत पराक्रमी योद्धा, राजाचा थोरला भाऊ, आणि तरी तो मध्ये पडला नाही. त्यानंतरचा तीन वर्षांचा प्रवास, ते चहाचे पेले, ती सहनशीलता, यामागे ती वळवलेली नजर आहे असं मला कायम वाटत आलंय. आयरो जन्मापासून शहाणा नव्हता. याच बा सिंग सेला त्यानं ६०० दिवस वेढा घातला होता. हे शहर आपण जाळून टाकलं नाही तर तुम्हांला दाखवीन, असं तिथून घरी पत्रात हसत लिहिलं होतं. त्या वेढ्यात त्याचा एकुलता एक मुलगा लू टेन गेला, आणि तो माणूस मोडून परत आला. म्हणजे त्याचं शहाणपण फार महागात पडलेलं आहे.

भाऊ, तुम्ही तीन वर्षं त्या मुलाला जेवू घातलंत, हाताला काम दिलंत, रात्री शेजारी बसलात. पण बाप त्याला चारचौघांत बोलत होता तेव्हा तुम्ही खाली बघत होतात. मे महिन्यात त्या मांडवात तुम्ही काय केलंत, हे पत्रात नाही. ‘दादा, हे इथे नको, घरात बसून बोलू,’ एवढं तुम्ही म्हणाला होता का? मला वाटतं, नाही. म्हणाला असता तर तुम्ही ते लिहिलं असतंत. मग त्या मुलाच्या बाजूनं बघा. ज्या एका माणसाचा आधार, तो नेमक्या वेळी खाली बघतो. तेव्हा त्यानं तुमचं नाव घेतलं त्यात थोडी हाकही असेल. काका, आता तरी बोला.

थोरल्या भावासमोर तोंड उघडायची रीत आपल्या घरांमध्ये नसते, हे मला माहीत आहे. माझ्या माहेरीही नव्हती. म्हणून मी तुम्हांला दोष देऊन थांबत नाही. पण तुमच्याकडून क्षमा मागण्यासारखं काही असेल तर ते एवढंच आहे, आणि ती क्षमा पुतण्याची मागायची आहे. कधी आणि कशी, ते पुढे सांगते.

आधी तुरुंग. तुम्ही म्हणता, आयरो पाठ फिरवून गप्प बसतो. बसतो, खरंय. झुको कोठडीत येतो, तूच हे ओढवून घेतलंस म्हणून ओरडतो, काका भिंतीकडे तोंड करून बसलेला. पुढच्या खेपेला तो खायला चिकन घेऊन येतो, सल्ला दे म्हणून काकुळतीला येतो, तरी काका बोलत नाही. झुको संतापून निघून जातो. आणि मग आपल्याला दिसतं की पाठ फिरवलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. तुम्ही इथवर पाहून थांबलात. बायको ‘रुसलाय’ म्हणते ते याचमुळे. कारण रुसवा दिसायला अगदी असाच दिसतो.

पण तेव्हा झुकोला कसला सल्ला हवा होता, ते आठवा. झुकोनं अवताराला, म्हणजे आंगला, मारलं अशी खोटी बातमी बहिणीनं दिल्यामुळे त्याला राजवाड्यात मान मिळालेला आहे. आंग जिवंत निघाला तर आपलं काय, या भीतीनं तो आला होता. खोट्या जागेवर टिकून कसं राहायचं, हे तो विचारत होता. त्या प्रश्नाला काकाकडे उत्तर नव्हतं, म्हणून मौन. आणि चार भागांनी काय होतं? झुकोच्या खिडकीत एक गुंडाळी येऊन पडते. तुझ्या पणजोबांच्या अंताची गोष्ट जाणून घे, असं त्यात लिहिलेलं. कागद दिव्यावर धरल्यावर लपलेली अक्षरं उमटतात. तो ती गुप्त बखर वाचतो, पण त्यात पणजोबांचा मृत्यूच नाही. चक्रावून तो कोठडीत धावतो, हे तूच पाठवलंस ना, म्हणून विचारतो. आणि मौन सुटतं. आयरो सांगतो की तुझे पणजोबा दोन. बापाकडचा सोझिन, ज्यानं हे युद्ध सुरू केलं, आणि आईकडचा रोकू, आंगच्या आधीचा अवतार. दोन्ही रक्तं तुझ्यात आहेत, तुझ्या मनातला झगडा तिथून आलाय. मग भिंतीतल्या एका विटेमागे लपवलेलं युवराजाचं शिरोभूषण काढून त्याच्या हातात देतो.

आता मला सांगा, भाऊ, गप्प कोण होतं? कोठडीत डांबलेला, पहाऱ्यात असलेला माणूस पुतण्यापर्यंत चिठ्ठी पोचवायची वाट शोधून काढतो. तुमच्या खिशात फोन आहे. सांगलीहून पुण्याला दिवसभर एस.टी. आहे.

तिथेच आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. आयरो पुतण्याला ‘मला निवड’ असं म्हणत नाही. बापाचं रक्त तुझ्यात नाही, असंही सांगत नाही. दोन्ही तुझंच आहे, म्हणतो. हे तुम्ही जपून ठेवा, कारण इथे तुमची गोष्ट मालिकेपासून वेगळी होते. झुकोचा बाप ओझाय हा क्रूर माणूस आहे. तुमचा थोरला भाऊ तसा नाही. पत्रातल्या तुमच्याच शब्दांवरून मला तो घाबरलेला बाप दिसतो. मुलाचं नववीत बिनसलं तेव्हा त्याला दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं सुचलं नाही, धाकट्या भावाकडेच पाठवावंसं वाटलं. तुमच्यावर त्याचा केवढा भरवसा असेल! आज त्याला वाटतंय की तो भरवसा चुकला. म्हणून त्याच्याशी बोला. मुलासमोर नको, फोनवरही नको. समोर बसून. ‘डिप्लोमाचं मी सुचवलं नव्हतं’ हे सांगा, पण त्यासाठी पोराला खोटं पाडू नका. ‘त्याच्या मनात आलं आणि तुला सांगायला तो भ्यायला’ असं म्हणा. खरं आहे तेवढंच. आणि ‘त्याला चारचौघांत बोलू नकोस, दादा,’ हे आता, तीन वर्षं उशिरानं का होईना, बोलून टाका. डिप्लोमा की जेईई, हा वाद तुम्ही लढू नका. तो त्या बापलेकांचा आहे. तुम्ही वकील झालात की मुलाला पुन्हा दोन बाजूंतून एक निवडावी लागेल.

एक नाजूक गोष्ट लिहू का? तुम्हांला मूलबाळ नाही, हे तुम्ही पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलंत. तीन वर्षं घरात एक पोर वावरलं, आणि आता त्याच्या खोलीचं दार बंद आहे. काकूंचं दुःख तर मी कल्पनेनंही मोजू शकत नाही. आयरोनंही मुलगा गमावलेला आहे. दुसऱ्या पर्वात त्याची एक छोटी गोष्ट आहे. दिवसभर तो शहरात फिरतो. रडणाऱ्या बाळाला गाणं म्हणून हसवतो. वाट अडवून लुटायला आलेल्या माणसाला नीट उभं कसं राहायचं ते शिकवतो आणि वर त्याच्याबरोबर बसून चहा पितो. संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली लू टेनचं चित्र ठेवून तेच गाणं म्हणायला लागतो आणि त्याचा आवाज फुटतो. आयरोला आवाज देणारे नट माको जुलै २००६ मध्ये वारले होते, आणि सप्टेंबरमध्ये आलेला हा भाग त्यांना अर्पण केलेला आहे. मी तो कितीदाही पाहिला तरी शेवटी डोळे पुसतेच.

पण हे दुःख आयरो टेकडीवर एकटा बसून काढतो, झुकोच्या खांद्यावर देत नाही. मी तुला मुलासारखा मानतो, हे तो त्याला तोंडानं सांगतो ते उत्तरेच्या स्वारीवर मुलगा एकटा निघतो तेव्हा. झुको मध्येच म्हणतो, काका, ते सांगायची गरज नाही. तेवढंच. तुमच्या लेखी तो पुतण्या तुमचा मुलगा असेल. असू द्या, ती चांगलीच गोष्ट आहे. पण ‘आम्ही तुला पोटच्या पोरासारखं केलं’ हे वाक्य त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नका. तुमच्याकडून नको आणि दुसऱ्या नातेवाइकांकरवी तर मुळीच नको. ते वाक्य ऐकलं की मुलाला आधी देणं आठवतं, माणूस नंतर.

तुम्ही दिलेलं वाया गेलं का, ही चिंता तुमच्या पत्रात ओळीओळींतून आहे. आयरो झुकोला विजेचा मारा वळवायला शिकवतो, तो भाग आठवा. ही युक्ती त्यानं पाण्याच्या लोकांना बघून स्वतः शोधलेली. एका हातानं वीज आत घ्यायची, पोटातून नेऊन दुसऱ्या हातानं बाहेर सोडायची, काळजातून जाऊ द्यायची नाही. शिकून झाल्यावर पोरगा म्हणतो, आता माझ्यावर वीज टाक, सराव करू. काका साफ नाही म्हणतो. वीज तुझ्यावर कधी पडूच नये, म्हणून तर हे शिकवलं. पुढे गुहेतला दगा होतो, तुरुंग होतो, सगळं होतं. आणि ग्रहणाच्या दिवशी झुको बापासमोर उभा राहून सांगतो की माझा खरा बाप काकाच होता, मी जाऊन त्याची क्षमा मागणार. ग्रहण सुटतं, बाप त्याच्यावर वीज सोडतो, आणि मुलाचे हात आपोआप काकानं शिकवल्यासारखे फिरतात. दोघांमध्ये बोलणं बंद होतं तेव्हाही ते शिकणं हातांत होतं. तुमच्या पुतण्याच्या हातांतही माप वाचणं आहे. ते कुठल्याही क्लासनं पुसलं जात नाही.

त्याच दिवशी झुको काकाला सोडवायला धावतो, तर कोठडी रिकामी. म्हातारा गजांआड वेड्याचं सोंग घेऊन चोरून व्यायाम करत होता, आणि स्वतःच निसटला. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. पुतण्या येऊन सोडवेल म्हणून तो बसून राहिला नव्हता. तुम्हीही बसू नका. वर्कशॉपमध्ये आणखी एखादा मुलगा शिकायला येत असेल तर त्याला ‘जागा भरलेली आहे’ असं म्हणू नका.

आता करायचं काय, ते.

आज रात्री जेवण झाल्यावर पुतण्याला मेसेज करा. दोन ओळी. खाली प्रश्नचिन्ह नको, ‘कसा आहेस’ नको, ‘वेळ मिळेल तेव्हा फोन कर’ही नको. त्याला उत्तर द्यावं लागेल असं काही नको. व्हर्नियर खणात पडून आहे म्हणता ना? तो पाठवून देऊ नका. पाठवलात तर त्याचा अर्थ ‘तुझं सामान घेऊन जा’ असा होईल. तो पुसा, त्याला तेल लावा आणि लिहा: ‘तुझा व्हर्नियर तेल लावून खणात ठेवलाय. तो तुझाच आहे.’ बस.

उत्तर आलं नाही तर राग मानू नका. तीनेक आठवड्यांनी दुसऱ्या दोन ओळी. त्यात क्षमा: ‘त्या दिवशी मांडवात मी दादाला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. ते माझं चुकलं.’ त्यानं तुमचं नाव का घेतलं याचा उल्लेखही करू नका. तो हिशेब त्याचा आहे, तो स्वतः मांडेल तेव्हा मांडेल. दरम्यान भावाशी ठरवून दिवाळीच्या निमित्तानं पुण्याला जा. काकूंना बरोबर न्या. पोरगा खोलीतून बाहेर आला नाही, तर दार वाजवू नका. फराळाचा डबा ठेवून या.

आणि एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. तो जेवत नाही, झोपत नाही, क्लासला जात नाही, जगण्यात काही राम नाही असं बोलतो, यातलं काही कानांवर आलं तर रुसवा, मान, थोरला-धाकटा सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी निघा. टेलीमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ लिहून ठेवा. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि फक्त मुलानंच फोन करावा असंही नाही, तुम्हीही करू शकता.

तो येईल का, हे मला सांगता येणार नाही. पण शेवटच्या भागातली एक गोष्ट तुम्हांला आठवते का? आंग कुठे सापडत नाही, तेव्हा झुको म्हणतो, काकाला शोधू. शिरशू हा प्राणी वासावरून माग काढतो, त्याला काकाची एखादी वस्तू हवी. झुको आयरोची एक जुनी, घामेजलेली चप्पल घेऊन येतो. त्यानं ती जपून ठेवलेली असते. बरोबरच्या मुलांना नवल वाटतं. तुमच्याकडे जसा खणात व्हर्नियर आहे, तसं त्याच्याकडे पुण्यात तुमचं काय आहे, हे तुम्हांला कुठे ठाऊक आहे?

मग आयरोचा तो तंबू. आत जायच्या आधी झुको बाहेर बसकण मारतो, आंगच्या मैत्रिणीला, कटाराला म्हणतो की काका माझा तिरस्कार करत असणार, त्यानं माझ्यावर जीव लावला आणि मी उलटलो. आत काका घोरत पडलेला. मुलगा रात्रभर शेजारी बसून राहतो. सकाळी काका उठतो, अजून पाठमोराच. झुको रडत रडत बोलायला लागतो, आणि त्याची क्षमा मागून व्हायच्या आत काका त्याला ओढून मिठीत घेतो. मी कधी रागावलोच नव्हतो, म्हणतो. तू वाट चुकशील या भीतीनं दुःखी होतो.

तेव्हा भाऊ, कधी तुमच्या दारात तो येऊन उभा राहिलाच, तर त्याला त्याचं वाक्य पुरं करू देऊ नका. आणि काकूंना सांगून ठेवा की त्या दिवशी चहा तुम्ही करणार आहात.

तुमची ताई